घर-जमीन : वाचकांचे प्रश्न
घर न घेता घराचा करार विकण्याविषयी

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ फ्रिस्को येथे राहतो. माझे पती एच-१बी व्हिसावर नोकरी करतात आणि मला एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर काम करण्याची परवानगी, म्हणजे ईएडी, मिळालेली आहे. स्वतःचे फारसे भांडवल न घालता, मालकाशी घर खरेदीचा करार करून तो करार दुसऱ्या गुंतवणूकदाराला विकण्याच्या ‘होलसेलिंग’ या व्यवसायाविषयी सध्या बरेच ऐकते आहे. हे कायदेशीर आहे का? सुरुवात कशी करावी, आणि घर तातडीने विकण्याची गरज असलेले मालक शोधावेत कोठे? माझी मुले लहान असल्यामुळे मालकांना फोन करण्याचे काम संध्याकाळी पती करणार आहेत.
— एक वाचक, फ्रिस्को, टेक्सस

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य मी सर्वांत आधी घेते, कारण बाकीचे सारे चुकले तर पैसे जातील, पण हे चुकले तर या देशातील तुमचे वास्तव्य अडचणीत येईल. एच-१बी वर असलेल्या व्यक्तीला ज्या कंपनीने तिच्यासाठी अर्ज केला आहे तेथेच काम करता येते. घर विकत घेऊन भाड्याने देणे ही गुंतवणूक मानली जाते. परंतु मालकांना फोन करणे, किमतीची बोलणी करणे आणि करार पुढे विकणे हे सरळसरळ काम आहे, मग त्याचा मोबदला कोणाच्याही नावावर जमा होवो. तुमच्या ईएडीवर तुम्हाला स्वतःचा व्यवसाय करता येतो, म्हणून हा व्यवसाय करायचाच असेल तर तो तुमचा असावा, त्यातील काम तुम्ही करावे, आणि ईएडीची मुदत संपून नवे मिळेपर्यंत मध्ये खंड पडला तर तेवढे दिवस काम पूर्णपणे थांबवावे. पहिला फोन करण्यापूर्वी तासाभराची फी देऊन इमिग्रेशन वकिलाला हे सारे विचारून घ्या.

आता मूळ व्यवसायाकडे वळू. मी गेली चौदा वर्षे टेक्ससमधील टायटल कंपन्यांत, म्हणजे घराची मालकी तपासून व्यवहार पुरा करून देणाऱ्या कंपन्यांत, क्लोझिंगची (अखेरच्या सह्या आणि पैशांच्या देवघेवीची) कागदपत्रे पाहते आहे, आणि होलसेलिंगचे व्यवहार टेबलाच्या त्याच बाजूने मला दिसतात. यात घर विकले जात नाही. मालकाशी ठरावीक किमतीला खरेदीचा करार झाला की करार करणाऱ्याला त्या मालमत्तेत अमेरिकी कायद्यानुसार एक न्याय्य हितसंबंध (इक्विटेबल इंटरेस्ट), म्हणजे मालकी नसली तरी कायदा मानतो असा हक्क, मिळतो. तो हितसंबंध होलसेलर एका रकमेला दुसऱ्या खरेदीदाराच्या नावे करून देतो, आणि क्लोझिंगच्या दिवशी तो दुसरा खरेदीदार मालकाला करारातील किंमत व होलसेलरला त्याची असाइनमेंट फी देतो. टेक्ससने २०१७ मध्ये याविषयी कायद्यात स्पष्टता आणली. घरांच्या दलालीचा परवाना नसलेल्या व्यक्तीला असा करार विकता येतो. मात्र आपल्याकडे घराची मालकी नसून केवळ करारातील हक्क आहे, हे तिने संभाव्य खरेदीदाराला सांगितले पाहिजे, आणि या आडून दलालीचा धंदा करता कामा नये. म्हणून ‘तीन बेडरूमचे घर विकणे आहे’ अशी जाहिरात तुम्ही करू शकत नाही. विकायला आहे तो करार, आणि जाहिरातीत तसेच लिहिलेले असले पाहिजे.

हे टेक्सासपुरते झाले. इलिनॉयमध्ये २०१९ पासून बारा महिन्यांत एकाहून अधिक असे व्यवहार करायचे तर ब्रोकरचा परवाना लागतो. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये आणि पेन्सिल्व्हेनियाने २०२४ मध्ये कायदा करून परवान्याची अट घातली, आणि दक्षिण कॅरोलायनाने २०२४ मध्ये यावर कडक बंधने आणली. दुसऱ्या राज्यातील प्रशिक्षकाने दिलेला कराराचा नमुना फ्रिस्कोत बसून वापरू नका. कॉलिन किंवा डॅलस काउंटीत असे व्यवहार नेहमी हाताळणारी एखादी टायटल कंपनी आधी गाठा, कारण सगळ्याच कंपन्या असाइनमेंटची कामे घेत नाहीत, आणि तुमच्या कराराचा मसुदा स्थानिक रिअल इस्टेट वकिलाकडून एकदा तपासून घ्या.

यानंतर बहुतेक नवखे लोक थेट मालक शोधायला निघतात. मी तुम्हाला उलट क्रम सुचवीन. आधी खरेदीदार शोधा. आपल्या भागात रोखीने जुनी घरे घेणारे, दुरुस्त करून विकणारे किंवा भाड्याने देणारे पाच-सहा जण प्रत्यक्ष भेटून माहीत करून घ्या. ते कोणत्या पिनकोडात, किती जुन्या बांधकामाचे आणि किती किमतीपर्यंतचे घर घेतात, फाउंडेशनला तडा गेलेले घर चालेल का, हे त्यांच्याकडून समजून घ्या. त्यांची यादी हाताशी नसताना तुम्ही मालकाशी करार केला, तर ज्या माणसाला तीस दिवसांत पैसे देण्याचे वचन दिले आहे त्याचे घर तुम्ही आशेवर अडकवून ठेवता.

किमतीचा हिशेब आकड्यांनी समजावते; आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. मेस्किटमधील एक जुने घर पूर्ण दुरुस्तीनंतर २,८०,००० डॉलरला विकले जाईल असे धरू. या व्यवसायातील प्रचलित ठोकताळ्याप्रमाणे गुंतवणूकदार त्याच्या ७० टक्के, म्हणजे १,९६,००० डॉलर धरतो आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करतो. छत, वातानुकूलन आणि फाउंडेशन मिळून तो ४५,००० डॉलर असेल, तर गुंतवणूकदार १,५१,००० डॉलरपर्यंत जाईल. त्यात तुमची फी १०,००० डॉलर असेल, तर मालकाला देता येणारी किंमत १,४१,००० डॉलर होते. उरलेले ३० टक्के सगळे नफ्याचे असतात असे नाही. त्यातून दोन वेळचा क्लोझिंगचा खर्च, महागड्या अल्पमुदतीच्या कर्जाचे व्याज, विमा, मालमत्ता कर आणि शेवटी विकताना एजंटची दलाली जाते. या हिशेबातील सर्वांत नाजूक आकडा पहिला आहे. टेक्ससमध्ये घराची विक्री किती किमतीला झाली हे सरकारी दप्तरात जाहीर होत नाही, त्यामुळे काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर दिसणारे मूल्य हे कर आकारणीचे मूल्य असते, विक्रीची किंमत नव्हे. शेजारच्या घरांच्या खऱ्या किमती एमएलएस या एजंटांच्या सामाईक नोंदींतूनच मिळतात, आणि त्यासाठी परवानाधारक एजंट ओळखीचा हवा. मला विचाराल तर तुम्ही स्वतःच परवाना काढावा. टेक्ससमध्ये त्यासाठी १८० तासांचे शिक्षण आणि परीक्षा लागते. काही महिने जातील, पण किमतीची माहिती हातात येईल, आणि ज्या मालकाला तुमचा करार सोयीचा नाही त्याला योग्य रीतीने घर बाजारात मांडून देण्याचा मार्गही तुमच्यापाशी असेल. परवाना असल्यास तसे मालकाला आणि खरेदीदाराला आधीच सांगावे लागते, एवढे लक्षात ठेवा.

तातडीने विकू इच्छिणारे मालक कोठे सापडतात, याचे उत्तर बरेचसे सार्वजनिक दप्तरात आहे. टेक्ससमध्ये कर्ज थकलेल्या घरांचा लिलाव साधारणपणे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतो आणि त्याची सूचना किमान २१ दिवस आधी काउंटी क्लार्ककडे दाखल करून लावावी लागते. ती यादी कोणालाही पाहता येते. मालमत्ता कर ३१ जानेवारीपर्यंत भरायचा असतो आणि १ फेब्रुवारीपासून तो थकीत ठरतो, त्यामुळे थकबाकीदारांची नावे कर कार्यालयाकडून मिळू शकतात. मालकाच्या मृत्यूनंतर प्रोबेट न्यायालयात दाखल झालेली प्रकरणे, महापालिकेच्या नियमभंगाच्या नोटिसा, आणि ज्यांचा पत्रव्यवहाराचा पत्ता घराच्या पत्त्याहून वेगळा आहे असे दूर राहणारे मालक या आणखी जागा. याखेरीज एक जुना आणि स्वस्त मार्ग म्हणजे एक वस्ती निवडून तेथे नियमाने गाडीने फिरणे, वाढलेले गवत, साचलेली टपाल, उखडलेले छत अशा खुणांची घरे टिपून ठेवणे आणि अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या नोंदीतून मालकाचा पत्ता काढून त्याला हाताने लिहिलेले पत्र पाठवणे. सुरुवातीला मी एवढेच करायला सांगेन. विकत घेतलेल्या याद्यांवर हजारो संदेश सोडण्याचा मोह टाळा. नॅशनल डू नॉट कॉल रजिस्ट्रीवरील क्रमांक आणि स्वयंचलित यंत्राने लावलेले फोन यांसाठी केंद्राचे नियम आहेत, आणि १९९१ च्या टीसीपीए कायद्याखाली नियमभंगाच्या प्रत्येक फोनमागे किंवा संदेशामागे ५०० डॉलर, तो जाणूनबुजून केला असल्यास १,५०० डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. ‘मी काही विकत नाही, मी तर घर घ्यायला विचारतो आहे’ हा बचाव न्यायालयात प्रत्येक वेळी टिकलेला नाही. रस्त्याच्या कडेला खांबांवर पाट्या ठोकणेही बहुतेक शहरांत मना आहे.

या यादीतील प्रत्येक ओळीमागे एक माणूस अडचणीत आहे, आणि येथे मला थोडे थांबावेसे वाटते. ‘मोटिव्हेटेड सेलर’ हा शब्द ऐकायला उत्साहाचा वाटतो, पण माझ्यासमोर सही करायला बसलेले असे मालक बहुधा नुकतेच विधवा झालेले, घटस्फोटातून जाणारे, नोकरी गेलेले किंवा आईवडिलांचे घर चार भावंडांत कसे वाटायचे या विवंचनेत असलेले असतात. काहींना खरोखरच तुमच्यासारख्या व्यक्तीची गरज असते. ज्या घरात नळ फुटून तळ खराब झाला आहे, ज्यावर बँक सामान्य खरेदीदाराला कर्ज देणार नाही, ज्याचा मालक ओहायोत राहतो आणि ज्याला साफसफाईसुद्धा करायची नाही, त्याला तीन आठवड्यांत आहे त्या स्थितीत रोख पैसे मिळणे हा मोठा दिलासा असतो. परंतु तितक्याच लोकांना घर विकण्याची गरजच नसते, ती त्यांना कोणीतरी पटवून दिलेली असते. उदाहरणार्थ, टेक्ससमध्ये ६५ वर्षे पूर्ण झालेल्या किंवा अपंग मालकाला एक प्रतिज्ञापत्र देऊन राहत्या घराच्या कराची वसुली पुढे ढकलता येते. कर माफ होत नाही, त्यावर व्याज चढत राहते, पण ते स्वतःच्या घरात राहत आहेत तोवर त्या करापायी घर हातचे जात नाही. थकबाकीच्या यादीवरून तुम्ही एखाद्या ७८ वर्षांच्या आजींचे दार ठोठावले, तर ही गोष्ट त्यांना पहिल्या भेटीत सांगा. कर्जाचे हप्ते थकलेल्यांना हाऊसिंग खात्याची, म्हणजे हडची मान्यता असलेल्या समुपदेशकांचा विनामूल्य सल्ला मिळतो, तेही सांगा. हे सांगूनही ज्यांना विकायचे आहे, तेच तुमचे खरे विक्रेते.

मालकाशी बोलताना तीन गोष्टी त्यांना समजतील अशा भाषेत आणि लेखी द्याव्यात, असा माझा आग्रह आहे : मी हे घर स्वतःसाठी घेत नाही, हा करार मी दुसऱ्याला देऊन त्यावर फी मिळवणार आहे, आणि एजंटमार्फत बाजारात मांडल्यास तुम्हाला कदाचित यापेक्षा जास्त किंमत मिळेल. हे वाचून काही मालक नकार देतील. द्यावा. मागे माझ्यासमोर एक क्लोझिंग अर्ध्यावर मोडले, कारण तेथे आलेल्या मालकाला घर कोणी तिसराच घेतो आहे आणि मधल्या व्यक्तीला २८,००० डॉलर मिळत आहेत, हे हिशेबाचा कागद हातात आल्यावर प्रथमच कळले. ते गृहस्थ रागावले नव्हते. ते बराच वेळ त्या एका ओळीवर बोट ठेवून बसले होते. तो कागद मी तयार केला होता, आणि त्यांना हे आधी कळले आहे की नाही हे विचारण्याचे मला सुचले नव्हते, याची खंत अजून आहे. त्यानंतर मी प्रत्येक असाइनमेंटच्या वेळी मालकाला चार दिवस आधी स्वतः फोन करते.

कागदपत्रांच्या दोन चुका नवख्यांकडून हमखास होतात. पहिली, टेक्ससमध्ये राहते घर विकताना दप्तरात नाव एकाचेच असले तरी पती आणि पत्नी दोघांच्याही सह्या लागतात. एकाच्याच सहीचा करार घेऊन खरेदीदाराकडे जाऊ नका. दुसरी, वारसाहक्काच्या घरात भेटणारा मुलगा हा एकटा वारस असेलच असे नाही, म्हणून टायटल कंपनीचा शोध अहवाल येण्यापूर्वी फीचे पैसे मनात खर्च करू नका. इसार म्हणून थोडी का होईना खरी रक्कम टायटल कंपनीत जमा करा, आणि करार रद्द करण्यासाठी असलेली ऑप्शनची मुदत संपण्याच्या आत खरेदीदार मिळाला नाही तर मालकाला त्याच दिवशी कळवून मोकळे करा. मिळालेली फी सामान्य उत्पन्न धरली जाते आणि तिच्यावर आयकराखेरीज १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो; दर तिमाहीला आगाऊ भरणा करावा लागतो, तेव्हा प्रत्येक फीतील एक तृतीयांश रक्कम वेगळी ठेवावी. पहिले सहा महिने एकही व्यवहार झाला नाही तरी घर चालेल, अशी सोय असेल तरच सुरुवात करा.

प्रश्न : आम्ही पिट्सबर्गजवळ राहतो. सासूबाईंच्या निधनानंतर त्यांचे घर विकण्यासाठी यजमानांनी पत्र पाठवणाऱ्या एका ‘रोख खरेदीदारा’शी करार केला. आता रोज वेगवेगळी माणसे घराचे फोटो काढायला येतात आणि तो स्वतः घेणार नाही हे उघड झाले आहे. करार होऊन सतरा दिवस झाले. यातून बाहेर पडता येईल का?
— एक वाचक, पेन्सिल्व्हेनिया

उत्तर : बहुधा येईल, पण दिरंगाई करू नका. पेन्सिल्व्हेनियाचा २०२४ चा कायदा जानेवारी २०२५ पासून लागू आहे. त्यानुसार होलसेल व्यवहारातील ग्राहकाला करारावर सही झाल्यापासून ३० दिवसांच्या आत, किंवा त्याआधी घराचे हस्तांतर झाल्यास तोपर्यंत, कोणताही दंड न भरता करार रद्द करता येतो. समोरच्या व्यक्तीकडे परवाना असणे आणि तिने आपली भूमिका आधी उघड करणेही बंधनकारक आहे. तुमच्यापाशी तेरा दिवस आहेत. या आठवड्यातच वकिलाकडून करार तपासून, रद्द करण्याची लेखी सूचना पोच मिळेल अशा रीतीने पाठवा. किंमत तुम्हाला रास्त वाटत असेल तर रद्द करण्याची सक्ती नाही. मात्र ते ठरवण्यापूर्वी दोन स्थानिक एजंटांकडून घराच्या किमतीचा अंदाज घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मी नाशिकला राहतो. ऑनलाइन शिबिरात होलसेलिंग शिकलो. येथे मालकाला थोडा विसार देऊन साठेखत करावे आणि तेच पुढे विकावे, असा विचार आहे. चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्हाला शिकवलेला व्यवसाय ज्या पायावर उभा आहे, तो पायाच येथे वेगळा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार विक्रीच्या कराराने, म्हणजे साठेखताने, त्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. तुमच्याकडे राहतो तो मालकाकडून करार पुरा करून मागण्याचा हक्क. तो दुसऱ्याला देता येतो, पण व्यवहारात खरेदीखतावर सही मूळ मालकाचीच लागते, तुम्ही त्यात ‘मान्यता देणार’ म्हणून येता, आणि तोवर भाव वाढला असेल तर मालक सहीला उभा राहीलच याची खात्री नसते. कुलमुखत्यारपत्र घेऊन हे टाळण्याची जी युक्ती सांगितली जाते, तिच्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे की साठेखत व मुखत्यारपत्र यांनी मालकी हस्तांतरित होत नाही. साठेखताबरोबर ताबाही घेतलात तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीखतासारखेच मुद्रांक शुल्क बसते, आणि शेतजमीन असेल तर तुमचा पुढचा गिऱ्हाईक शेतकरी नसल्यास, परवानगीखेरीज व्यवहारच होत नाही.

तुमचा कल लोकांना भेटून घर आणि गिऱ्हाईक यांची गाठ घालून देण्याकडे असेल, तर त्यासाठी येथे सरळ मार्ग आहे. महारेराकडे एजंट म्हणून नोंदणी करा. त्यासाठीचे प्रशिक्षण आणि परीक्षा तुम्हाला शिबिरापेक्षा अधिक उपयोगी पडेल. दोन्ही बाजूंना माहीत असलेली, आधी ठरवलेली आणि पावतीवर घेतलेली दलाली घ्या. विसार दिलाच असेल, तर सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरील सर्व नावे, बँकेचा बोजा आणि मागील ३० वर्षांचा शोध अहवाल पाहिल्याखेरीज दुसरा रुपया देऊ नका.